पडद्यावरचें अद्भुत

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयीं सुशिक्षित घरांतून दोनच मतें ऐकूं येतात. मुलांच्या मतें त्यांच्यासारखें दुसरें सुख नाहीं. वडील मंडळींच्या मतें त्यांच्यासारखा दुसरा शत्रु नाहीं. आमच्या नांदेड-लातूरकडे तर या वादाला विशेष धार आहे. ज्या शहरांनीं शिकवणीच्या वर्गांवर आपली कीर्ति उभारली, तेथें मुलाच्या हातीं असलेल्या प्रत्येक तासाचा हिशेब होतो. परंतु या सगळ्या वादांत तो खेळ स्वतः कसा आहे, हें कोणी विचारीत नाहीं. कादंबरी चांगली कीं टाकाऊ हें आपण ती वाचून ठरवितों. खेळांच्या वाट्याला तेवढें सौजन्य येत नाहीं. म्हणून अद्भुतरम्य खेळांपैकीं माझ्या आवडीचे तीन घेऊन त्यांचे गुण आणि दोष आज आपणांपुढें मांडावे असें योजिलें आहे.

अद्भुताची गोडी मराठी वाचकाला नवी नव्हे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं निघाली, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालीं, आणि नाथमाधवांच्या 'वीरधवला'नें १९१३ पासून कित्येक पिढ्यांची झोंप उडविली. पण कादंबरींत नायक खंदक ओलांडतो तेव्हां वाचक अंथरुणावर स्वस्थ पडलेला असतो. खेळांत मात्र तो खंदक वाचकालाच ओलांडावा लागतो. चुकला तर पडतो, आणि पुन्हां आरंभ करतो. अद्भुताची किंमत येथें श्रमानें मोजावी लागते. हा या कलेचा खरा विशेष आहे असें मला वाटतें.

पहिला खेळ जुना आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणानें जवळजवळ एकट्यानें रचला आणि १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. नांदेडच्या एका संगणक-वर्गांत मीं तो पुढच्या दशकांत पाहिला. तळघरांत कोंडलेला एक नायक, बारा मजल्यांसारखे बारा टप्पे, आणि राजकन्येला सोडविण्यास अवघीं साठ मिनिटें! त्या नायकाचें धांवणें, कठड्याला लोंबकळणें, तोल सांवरणें इतकें जिवंत होतें कीं, आम्ही मंडळी खेळणाऱ्याच्या पाठीशीं उभी राहून श्वास रोधून पाहत असूं. मेक्नरनें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास आणि उड्या मारावयास लावून त्याचें चित्रीकरण केलें होतें आणि तीं चित्रें एकेक करून पडद्यावर उतरविलीं होतीं. तलवारबाजी त्यानें १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटावरून घेतली.

त्याहून नवलाची गोष्ट सांवलीची. तेव्हांच्या संगणकाची स्मृति इतकी तोकडी कीं, दुसरें पात्र रेखाटावयास तींत जागा उरली नव्हती. तेव्हां त्यानें नायकाचींच चित्रें निराळ्या रीतीनें दाखवून त्याची छाया निर्माण केली. नायक आरशांतून उडी मारतो तेव्हां ती त्याच्यापासून सुटते. पुढें त्याचें औषध पिऊन टाकते, त्याच्यापुढें दार लावून घेते. शेवटीं दोघे समोरासमोर येतात आणि तेथें प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच: तलवार म्यान करावी आणि सांवलीला सामोरें जावें. दारिद्र्यांतून इतकी सुंदर कल्पना निघाल्याचें उदाहरण वाङ्मयांतहि विरळा.

दोष? आहेत. नायक उचललेलें पाऊल पुरें केल्याखेरीज दुसरी आज्ञा ऐकत नाहीं. राजकन्येच्या वाट्याला साऱ्या खेळांत मदतीचें काम एकच: ती एक उंदीर पाठविते. आणि पहिल्या टप्प्यानंतर खेळाच्या पुस्तिकेंतील अमुक पानावरच्या अमुक शब्दाचें आद्याक्षर विचारलें जातें. मूळ पुस्तिका आमच्या वर्गांत कोणीं पाहिली होती? चुकीच्या अक्षराचा पेला प्यालें कीं नायक गतप्राण. दहा-बारा वर्षांनीं घरीं संगणक आला तोंवर भारनियमनाचे दिवस सुरू झाले होते. साठ मिनिटांची मुदत तेथें महावितरणच्या वेळापत्रकाशींहि जुळवून घ्यावी लागे.

दुसरा खेळ पोलंडचा, 'द विचर ३', सन २०१५. आंद्रेय सापकोवस्की या कथाकाराच्या सृष्टीवर तो रचलेला आहे. भाडोत्री राक्षसमाऱ्या गेराल्ट गांवोगांव फिरतो आणि गांवकऱ्यांचीं भुतें दूर करतो. आरंभींच्याच एका प्रकरणांत ओसाड पाड्यांतील विहिरीवर भर दुपारीं एक स्त्री-पिशाच्च प्रगट होतें. तिला नुसत्या तलवारीनें जिंकतां येत नाहीं. ती कोण होती, कशी मेली, तिचें काय राहिलें, हें आधीं शोधावें लागतें. मग विहिरींत उतरून तिचें कंकण काढावें, अस्थींसह जाळावें, तेव्हां ती मोकळी होते. हें खेळतांना मला आमच्या खेड्यांतील विहिरी आठवल्या. भर दुपारीं विहिरीवर एकटें जाऊं नये, तेथें आसरा असतात, ही ताकीद मराठवाड्यांतील कोणत्या मुलानें ऐकली नाहीं? पोलिश कारागिरांनीं आपल्या आजीबाईंच्या गोष्टी साऱ्या जगाला ऐकविल्या. आमच्या आसरा, मुंजा आणि वेताळ अद्यापि ओसरीवरच बसले आहेत.

मात्र हा खेळ अतोनात लांब आहे. नकाशावर शेंकडों प्रश्नचिन्हें. समुद्रांतल्या कित्येक चिन्हांपाशीं जावें तर बुडालेल्या पेट्यांखेरीज कांहीं नाहीं. गंजक्या तलवारी गोळा करून विकणें हें काम तर नायकाचें नसून भंगारवाल्याचें आहे. शिवाय युरोपांत तो अठरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं असा शिक्का त्यावर आहे, आणि तो योग्यच आहे.

तिसरा खेळ आपल्या पुण्याचा. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केला. २०१७ सालीं लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. खेळ निघाला त्या वर्षीं 'द गेम अवॉर्ड्स'मध्यें नवागतांच्या पारितोषिकासाठीं त्याचें नांव झळकलें. कसरती करणारी राजी ही मुलगी असुरांनीं पळविलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधावयास निघते. दुर्गा आणि विष्णु तिचे प्रयत्न वरून पाहत एकमेकांशीं संवाद करतात. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या रीतीनें सांगितले आहेत. तें पाहतांना पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या डोळ्यांपुढें येतात. भिंतींवरचीं चित्रें, संध्याकाळचे रंग, खांबाला वळसा घालून राजीनें चालविलेला त्रिशूळ, हें सर्व मनोहर आहे. राजकन्या येथें कोणाची वाट पाहत बसत नाहीं, हा आनंद निराळाच.

पण आपला म्हणून त्याला सोडावें काय? मला तसें वाटत नाहीं. चार-सहा तासांत तो संपतो, आणि संपतो तो असा कीं, कीर्तनकार आख्यानाच्या ऐन रंगांत वीणा खाली ठेवून निघून जावा. देखावा इतक्या दुरून दाखविला जातो कीं, कांहीं ठिकाणीं उडीचें अंतर कळत नाहीं. देवतांचे संवाद प्रथम इंग्रजींत होते आणि कानाला परके लागत. २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तींत लढाईची रीत बदलली आणि हिंदी वाणी आली, तेव्हां तोच खेळ एकदम घरचा वाटूं लागला. मराठी वाणी मात्र त्यांत नाहीं.

राजीच्या महालांवर आणि किल्ल्यांवर राजस्थानी वास्तुकलेची छाप आहे. त्याबद्दल तक्रार नाहीं. पण नांदेड जिल्ह्यांत कंधारचा भुईकोट आहे, त्याला रुंद खंदक आहे. देगलूरजवळ होट्टल येथें सिद्धेश्वराचें चालुक्यकालीन मंदिर आहे, त्यावरील सुरसुंदरींच्या मूर्ति पाहण्यासारख्या आहेत. लातूरकडे औसा आणि उदगीर येथें भक्कम कोट, खरोशाला लेणीं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेला कोणीहि उदगीरच्या किल्ल्यांत शिरला तर पायऱ्या मोजतां मोजतां कोठली फरशी ढळेल याचा अंदाज घेऊं लागतो. या जागांचीं मोजमापें घेणारे, त्यांचीं चित्रें काढणारे आणि तेथल्या म्हाताऱ्यांकडून भुताखेतांच्या गोष्टी उतरवून घेणारे दहा-पंधरा तरुण आमच्या महाविद्यालयांतून मिळणें कठीण नाहीं. संगणकाचें शिक्षण घेऊन पुण्याला जाणाऱ्या गाडींत ते दर वर्षीं बसतातच.