गोळी मोठी, नेम पक्का?

बंदुकीची गोळी जितकी मोठी तितका लांबचा नेम पक्का, असं पुष्कळांना वाटतं. मुलांना नेमबाजी शिकवायला आणणारे पालकही मला हेच विचारतात. प्रत्यक्षात हिशोब वेगळा आहे.

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या पोकळीचा व्यास. ‘पॉइंट टू-टू’ म्हणजे एका इंचाचे बावीस शतांश, सुमारे ५.६ मिलिमीटर. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते याच चिमुकल्या गोळीवर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ असतं अवघं १०.४ मिलिमीटरचं!

स्पर्धेतली ही गोळी मुद्दामच ध्वनीच्या वेगाच्या आसपास किंवा त्याहून कमी वेगाची ठेवतात. अधिक वेगाने सोडली तर हवेचा विरोध एकदम वाढतो, ती झपाट्याने मंदावते आणि वाऱ्याने उलट जास्तच ढळते. कारण वारा गोळीला किती ढकलणार हे नुसत्या वेगावर ठरत नाही. वाटेत ती किती वेग गमावते, यावर ठरतं.

आता ३०० मीटरचा प्रकार घ्या. तिथे आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ८ मिलिमीटरपर्यंतचं कॅलिबर चालतं. तरीही अनेक नामांकित नेमबाज ६ मिलिमीटरच पसंत करतात. लष्करी वापरातून आलेली ७.६२ची गोळी जाड आणि वजनदार. तिचा धक्काही मोठा. साठ-साठ गोळ्या झाडताना खांदा दुखू लागला, की चाप ओढण्याआधीच अंग आकसतं आणि नेम तिथेच चुकतो. ६ किंवा ६.५ मिलिमीटरची लांब, निमुळती गोळी हवा सहज कापते, वेग टिकवते आणि धक्काही कमी देते.

मात्र फुकट काहीच मिळत नाही. बारीक नळीतून जास्त दारू जाळली तर नळी लवकर झिजते. शिवाय काही स्पर्धांत निवडीला वावच नसतो. इंग्लंडमधील बिस्ले येथे हजार यार्डांवरच्या पारंपरिक स्पर्धेत कॅलिबर नियमानेच बांधलेलं असतं. तिथे वारा वाचता येणं हीच खरी कसोटी.

म्हणून पालकांना माझं सांगणं एवढंच, की सुरुवात १० मीटरवर, ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलने करू द्या. तिथला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. श्वास आणि बोट ताब्यात आलं, की पुढचं कॅलिबर अंतर पाहून निवडता येईल.