डिजिटल शाळांची दहा वर्षे

‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला २२ जून २०१५ रोजी. त्याला दहा वर्षे होऊन गेली. ज्या कार्यक्रमासाठी राज्यभरच्या शिक्षकांनी रात्रीचा दिवस केला, त्याची दशकपूर्ती फारशी कोणाच्या लक्षातही आली नसावी. माझ्या लक्षात आली ती एका फोनमुळे. पेठ तालुक्यातल्या माझ्या जुन्या शाळेतून विचारणा झाली, की जडवस्तू संग्रहातला प्रोजेक्टर, इन्व्हर्टर आणि दोन बॅटऱ्या निर्लेखित करायच्या आहेत, पण खरेदीची पावती दप्तरात मिळत नाही. मिळणार कशी? इन्व्हर्टर गावाने दिला होता. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरी करून परतलेल्या माणसांनी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर रुपये काढून. त्या रकमा एका वहीत लिहिलेल्या आहेत आणि सरकारी दप्तरात ती वही पावती म्हणून चालत नाही. मी निवृत्त झाले असले तरी हा हिशेब मिटलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

शाळेत यंत्रे काही २०१५ साली पहिल्यांदा आली नाहीत. १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या खेड्यांत टीव्ही पोचला, त्यात महाराष्ट्र नव्हता. पुढे रेडिओ आले, टेपरेकॉर्डर आले, मग संगणक. २००४ मध्ये शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ उपग्रह सुटला, डिश बसवल्या गेल्या. माझ्या पाहण्यातली संगणक खोली म्हणजे दाराला कुलूप, आत प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेले मॉनिटर आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. मुलांनी हात लावला तर बिघडेल, ही कायमची भीती. त्या वर्षांबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

अपवाद बालचित्रवाणीचा. १९८४ मध्ये पुण्यात ही संस्था सुरू झाली आणि तिने मराठी मुलांसाठी, मराठी अभ्यासक्रमावर, मराठी माणसांकडून हजारो कार्यक्रम करून घेतले. सकाळी दूरदर्शनवर ते लागत. ज्या घरात टीव्ही असे तिथे आळीतली पोरे गोळा होत. कार्यक्रम साधे असत, पण त्यातली माणसे मुलांशी मुलांच्या भाषेत बोलत. पुढे निधी आटला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७ मध्ये शासनाने संस्थेला टाळे लावले. त्या वेळी वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या आणि विषय संपला. तो संपायला नको होता. त्याची किंमत पुढे तीनच वर्षांत कळली.

आता माझ्या दशकाकडे येते. २०१२-१३ च्या सुमारास शिक्षकांच्या बोलण्यात दोन नावे सारखी येऊ लागली. एक, सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट, जिथे ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले फरशीवर बसून स्वतः शिकत होती. दुसरे, शहापूर तालुक्यातला पष्टेपाडा, जिथे संदीप गुंड नावाच्या शिक्षकाने आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल केली होती. या दोन्ही ठिकाणी शिक्षक स्वखर्चाने, जीपगाड्या करून, रजा टाकून पाहायला जात. वरून आदेश नव्हता. एका शिक्षकाने केलेले दुसऱ्याने बघितले आणि आपल्या शाळेत करून पाहिले, इतके ते सरळ होते. ‘ॲक्टिव्ह टीचर्स महाराष्ट्र’सारखे शिक्षकांचे गट उभे राहिले. कोणी ब्लॉग लिहू लागले, कोणी कवितांना चाली लावून व्हिडिओ केले, कोणी इंटरनेटशिवाय चालणारे खेळ बनवले. शिक्षण परिषदेला जाताना खिशात पेन ड्राइव्ह असायचाच. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांच्या पेन ड्राइव्हवरचे साहित्य उतरवून घेणे हा त्या परिषदेतला खरा तास होता. मराठी प्राथमिक शिक्षकांनी इतके साहित्य इतक्या थोड्या काळात स्वतःहून कधी तयार केले असेल असे मला वाटत नाही. आणि ते फुकट वाटले.

आमचा प्रोजेक्टर आला तेव्हा वर्गात अंधार करायला आम्ही खिडक्यांना पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती लावली. तिसरी-चौथी एकत्र बसत. पहिल्या काही दिवसांत बी रुजण्याचा व्हिडिओ दाखवला: आठवड्याभराची वाढ दीड मिनिटात. बी फुगते, साल फाटते, मूळ खाली सरकते, मग कोंब वर येतो. शेतकऱ्यांचीच मुले, पेरणी जन्मापासून पाहिलेली, पण मातीच्या आत काय चालते ते त्यांनी पहिल्यांदा पाहिले. चौथीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, बी उलटं लावलं तरी मूळ खालीच जाईल का?” याचे उत्तर व्हिडिओत नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून वाल आणले. काचेच्या ग्लासात ओले फडके कडेने लावून, काच आणि फडक्याच्या मध्ये कोणी बी सरळ खोचले, कोणी आडवे, कोणी उलटे. उलट्या बीचे मूळ आधी वर निघाले आणि मग वळून खाली गेले. मी रोज त्याच जागी उभी राहून मोबाईलने फोटो काढत गेले आणि शेवटी ते एकामागे एक लावून मुलांना त्यांचीच फिल्म पडद्यावर दाखवली. ती त्यांनी पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. शिक्षणातले तंत्रज्ञान म्हणजे काय असे कोणी विचारले, की मी अजूनही हेच सांगते. पडद्याने प्रश्न दिला, उत्तर मुलांनी ओल्या फडक्यात शोधले आणि पुन्हा पडद्यावर आणले.

मग उद्दिष्टे आली. शासन निर्णयाचा हेतू चांगला होता, प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे असे म्हणणारा. पण खाली येता येता त्याचे आकडे झाले. तालुक्यात किती शाळा डिजिटल, किती शिक्षक तंत्रस्नेही, किती शाळा प्रगत, हे रोज विचारले जाऊ लागले. जिल्हेच्या जिल्हे शंभर टक्के डिजिटल जाहीर झाले. एका टीव्हीवर शाळा डिजिटल ठरे. पैसे मात्र शासनाने द्यायचे नाहीत, लोकसहभागातून उभे करायचे. ज्या गावात पुढारी, कारखाना किंवा मुंबईत नोकरीला गेलेली माणसे होती, तिथे भिंतीएवढे बोर्ड लागले. ज्या पाड्यावर दिवाळीनंतर निम्मी घरे कुलूप लावून द्राक्षांच्या कामाला जातात, तिथेही शिक्षकाला तेच उद्दिष्ट होते. “तुमचीच शाळा का मागे?” हा प्रश्न मी भर बैठकीत ऐकला आहे. विचारणाऱ्या साहेबांनी आमचा पाडा पाहिलेला नव्हता.

विजेची गोष्ट तर कोणी बैठकीत काढूच द्यायचे नाही. टीव्ही, प्रोजेक्टर, संगणक आल्यावर बिल वाढणार, हे कोणालाही कळेल. शाळेचे बिल मात्र घरगुती दरानेही येत नव्हते. ते भरायचे वर्षाकाठी मिळणाऱ्या शाळा अनुदानातून. त्याच अनुदानातून खडू, रजिस्टर, रंग, झाडू आणि पावसाळ्याआधी फुटलेली कौले. अनुदान येणार वर्ष सरता सरता, बिल दर महिन्याला. शिक्षकांनी पदरचे भरले, तरी थकबाकी राहिलीच. एका सकाळी वायरमन आला, “बाई, मला वरून सांगितलंय,” म्हणाला आणि मीटर काढून घेऊन गेला. बिचारा खाली मान घालूनच बोलत होता. दारावरची ‘डिजिटल शाळा’ ही पाटी मात्र तशीच राहिली, कारण ती काढायचा आदेश नव्हता. त्या काळात ही तक्रार राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांची होती, वर्तमानपत्रांतून छापून येत होती. आमचा इन्व्हर्टर त्यानंतर चार्ज झाला नाही. बॅटऱ्या वापराने संपल्या नाहीत, पडून पडून संपल्या.

त्याच वर्षांत एक खरोखर मोठी गोष्ट घडली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ती कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली आणि पुढे देशभर गेली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना १० लाख डॉलरचे ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या माणसाने वरच्या कचेऱ्यांना काहीतरी शिकवले, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान वाटला. आमच्या पाड्यावर रेंज नव्हती, त्यामुळे कोडमागचे व्हिडिओ मी तालुक्याच्या गावी उतरवून आणत असे. चालायचे. वीज असेपर्यंत चालायचे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि इतक्या वर्षांच्या घोषणांची परीक्षा झाली. ‘असर’ पाहणीप्रमाणे देशातल्या ग्रामीण भागात घरी स्मार्टफोन असलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. पण घरात फोन असूनही चौथ्या हिश्श्याहून जास्त मुलांच्या हाती तो येतच नव्हता. आमच्याकडे याचे कारण सरळ होते. फोन वडिलांच्या खिशात आणि वडील द्राक्षबागेत. रात्री आठला फोन घरी येई तेव्हा त्यात बॅलन्स नसे. आम्ही ओट्यांवर, मंदिरात, झाडाखाली चार-चार मुले बसवून शिकवले. त्याच महिन्यांत शिक्षकांना घरोघरच्या सर्वेक्षणाला, रेशन दुकानांवर, तपासणी नाक्यांवर उभे केले होते. तरी शहरातली शिकलेली माणसे म्हणत होती की मास्तर घरी बसून पगार खातात. ते वाक्य मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

याच काळात बालचित्रवाणीची आठवण झाली. केरळात २००५ पासून ‘व्हिक्टर्स’ ही शिक्षणाची वाहिनी होती, एज्युसॅटच्याच आधारावर सुरू झालेली. त्यांनी ती टिकवली, शिक्षकांकडूनच शिक्षकांना प्रशिक्षण दिले, मुक्त सॉफ्टवेअर वापरले, ४५ हजार वर्गखोल्या सज्ज केल्या. म्हणून १ जून २०२० ला, शाळा उघडण्याच्या नेहमीच्याच दिवशी, त्यांचे ‘फर्स्ट बेल’चे तास टीव्हीवर सुरू झाले. महाराष्ट्रात ‘टिलीमिली’ सह्याद्री वाहिनीवर आली २० जुलैला. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती केली, चांगली केली, माझ्या मुलांना ती आवडली. पण राज्याची स्वतःची, तेहतीस वर्षांचा अनुभव असलेली संस्था तीनच वर्षांपूर्वी मोडीत निघाली होती. ज्यांनी तो निर्णय घेतला, त्यांनी त्याचे उत्तर अजून दिलेले नाही.

त्यानंतरची वर्षे लवकर उरकते, कारण ती मुलांबद्दलची नाहीतच. माझ्या नोकरीच्या अखेरीला मुलांची हजेरी चॅटबॉटवर भरायची पद्धत आली. कागदी हजेरीपट होताच, तोही भरायचा. चाचण्यांचे गुण ऑनलाइन, पोषण आहाराची रोजची नोंद ऑनलाइन, आधार ऑनलाइन, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ऑनलाइन, आणि या सगळ्याचे फोटो व्हॉट्सॲपवर, ‘तात्काळ’ असे लिहिलेल्या लिंकसह. दुपारी बारा वाजता मी वर्ग सोडून टेकाडावर रेंज शोधत उभी असे आणि माझी मुले खाली वाट बघत असत. २०१३ मध्ये जो मोबाईल वालाच्या मुळाचे फोटो काढत होता, तो २०२३ मध्ये फक्त वर कळवण्यापुरता उरला. शिक्षकाच्या हातातले साधन काढून घेऊन शिक्षकावर नजर ठेवण्याचे साधन त्याच्या हाती दिले गेले. युनेस्कोने २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच काढला आणि हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वापरायचे, असा प्रश्न त्याच्या मुखपृष्ठावरच विचारला. आपल्याकडे हा प्रश्न पेठमधल्या शिक्षकाला कोणी विचारलेला नाही.

तुम्ही तुमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, किंवा तुमच्या ओळखीचे कोणी असेल, तर माझी एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत शाळेचे वीजबिल कोण भरते आणि किती थकले आहे, ते विचारून घ्या. ते शासनाने परस्पर भरावे असा ठराव करा, सह्या घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच मागा. नवा टीव्ही त्यानंतर आणा.