थंड पाण्याचा मासा चिखलदऱ्यात का नाही?

फाल्गुनातल्या एका सकाळी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावर गेलो होतो. एकाने विचारले, "सर, काश्मीरच्या तलावांत ट्राउट मासा गळाला लागतो. चिखलदराही थंड हवेचे ठिकाण आहे. मग इथे ट्राउट का नाही?" प्रश्न माशाचा होता, उत्तर मात्र पदार्थविज्ञानात आहे.

ट्राउट मूळचा आपल्या देशातला नव्हे. ब्रिटनहून त्याची अंडी आणून १९०० साली तो काश्मीरमध्ये रुजवण्यात आला. तिथले गंगाबल सरोवर सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात ते गोठते, तरी मासे जगतात. कारण पाणी ४° सें. तापमानाला सर्वांत जड असते. ते तळाशी राहते आणि हलका बर्फ वर तरंगतो. बर्फ वितळला की वरचे पाणी ०° पासून ४° कडे तापत जाते, जड होते आणि खाली बुडते. वाराही पाणी घुसळतो. प्राणवायू तळापर्यंत पोचतो, आणि भुकेला ट्राउट काठाजवळच्या उथळ पाण्यात येतो. म्हणूनच गळ टाकणारे बर्फ वितळण्याची वाट पाहतात.

चिखलदऱ्याची उंची सुमारे ११०० मीटर. इथला तलाव गोठत नाही. आपल्याकडे ही घुसळण पौष-माघात होते : रात्री वरचे पाणी निवते, जड होऊन खाली जाते. फाल्गुनापासून ऊन वरचा थर तापवू लागते, आणि इथेच खरी मेख आहे. एक घनमीटर पाणी ५° वरून १०° पर्यंत तापले तर सुमारे २६० ग्रॅमने हलके होते; २०° वरून २५° पर्यंत तापले तर सुमारे ११५० ग्रॅमने! तापमानातली वाढ तेवढीच, फरक मात्र चौपटीहून अधिक. त्यामुळे उष्ण प्रदेशातल्या खोल तलावात वरचा थर तेलासारखा तरंगत राहतो आणि तळाला हवा मिळत नाही.

शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला एक लिटर पाण्यात १०° ला सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर ३०° ला केवळ ७.६. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून हे आकडे आणखी घटतात. पण माशाचे शरीर पाण्याइतकेच थंड असते. थंडीत त्याची प्राणवायूची गरजही घटते, उष्णतेत ती वाढते. गंगाबलच्या ट्राउटचे म्हणून भागते. पाणी २०° च्या वर गेले की तो अस्वस्थ होतो, २५° च्या आसपास फार काळ टिकत नाही. आपल्या उन्हाळ्यात त्याची कोंडी होईल : वर पाणी तापलेले, खाली प्राणवायू नाही. उथळ तलावात तर खाली जायलाही जागा नाही.

रोहू आणि कटला हे मात्र उबदार पाण्याचे मासे. मरळ तर पृष्ठभागावर येऊन सरळ हवाच घेतो. हिवाळ्यात मंदावलेले हे मासे ऊन चढले की हालचाल करू लागतात.

मित्रहो, हे तपासून पाहा. गावच्या तलावाच्या काठाशी सूर्योदयाला आणि दुपारी तीनला तापमापी धरा. दगड बांधलेली, बूच लावलेली बाटली दोरीने खाली सोडा. दुसऱ्या दोरीने बूच ओढून खोलवरचे पाणी काढा आणि त्याचे तापमान लगेच नोंदवा. शिक्षक किंवा मोठे माणूस बरोबर असू द्या. महिनाभराच्या नोंदी आलेखावर मांडल्यात, तर तुमच्या तलावातले थर कधी वेगळे होतात ते तुम्हीच सांगू शकाल.