सागवान, शिसव की फणस?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला सागवान लाकूडबाजारात आजही ‘सीपी’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे जुना मध्य प्रांत) म्हणूनच ओळखला जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023मध्ये लाकूड गेलं ते बल्लारपूरहूनच. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी तिकडे सहसा फिरकत नाही. गाभ्याभोवतीच्या फिकट पट्ट्याला मात्र हे संरक्षण नसतं. वखारीत फळी निवडताना आधी तो पट्टा पाहावा, भाव नंतर विचारावा.

शिसव जड, काळसर-जांभळट आणि देखणी. 2017पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे. कोकणातलं फणसाचं लाकूड तासल्यावर हळदीसारखं पिवळं दिसतं आणि वर्षांगणिक तांबूस होत जातं. हा बदल ज्याला आवडेल, त्याने फणस जरूर घ्यावा. आंबा स्वस्त, पण त्याला कीड लवकर लागते. तो प्रक्रिया केलेलाच हवा.

ओलं लाकूड कधीच नको. फळी लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. ओल्या फळ्यांच्या कपाटाचे सांधे म्हणूनच उघडे पडतात.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश लाकडाच्या रेषा सुरेख खुलवतं, पण गरम कप ठेवला की पांढरा डाग उमटतो. जेवणाच्या टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं.

जवसाच्या तेलाचा हात द्यायचा असेल, तर वापरलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. सुकताना तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात.