एकवीस दात्यांचे चाक

महाविद्यालयांच्या भांडारात एक जाडजूड वही असते. तिचे नाव डेड-स्टॉक रजिस्टर. टेबले, खुर्च्या, दुर्बिणी, तराजू अशा टिकाऊ वस्तूंची नोंद तिच्यात होते आणि वस्तू निकामी ठरली की तांबड्या शाईने रेघ ओढली जाते. मी पदार्थविज्ञान शिकवत होतो त्या महाविद्यालयाच्या रजिस्टरात एका लेथवर अशी रेघ ओढली गेली, तेव्हा मला निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. लिलावात तो भंगाराच्या भावाने, वजनावर मिळाला. सांगलीतल्या आमच्या घरामागच्या पडवीत, जिथे पूर्वी जळण रचलेले असे, तिथे दोघांनी तो कसाबसा आणून ठेवला. त्याला पुन्हा कामाला लावायला मला अडीच वर्षे लागली. या लेखात त्या कामाची हकीकत आहे, पण तिचा शेवट मी ठरवला होता तसा झाला नाही.

लेथ म्हणजे काय, हे सांगायला आपल्याकडचा कातारी जवळचा आहे. सावंतवाडीच्या खेळण्यांना गोलाई देताना लाकूड फिरत राहते आणि पटाशी कारागिराच्या हातात असते. धातूच्या लेथवर हत्यार हातात नसते. ते ज्या सॅडलवर घट्ट आवळलेले असते ती सॅडल बेडच्या दोन सरळ पट्ट्यांवरून सरकते. हाताचे काम असे लोखंडाकडे गेले की गोलाईचा खरेपणा कारागिराच्या मनगटावर अवलंबून राहत नाही, बेडच्या सरळपणावर राहतो. हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिराने १८००च्या आसपास सरकते हत्यार, लांब स्क्रू आणि बदलती दातेरी चाके एकाच यंत्रात आणली. तो लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. आज कोणत्याही कारखान्यातला लेथ उघडून पाहिला तरी मांडणी मुळात तीच.

माझा लेथ मायफर्ड एमएल-७. सेसिल मूर यांनी १९३४मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावी, लेस विणण्याच्या एका गिरणीच्या भागात, ही कंपनी काढली. महायुद्ध संपल्यावर १९४६मध्ये एमएल-७ आला. मोठ्या कारखान्यांसाठी तो नव्हताच. परसातल्या शेडमध्ये बसून वाफेची छोटी इंजिने बनवणारे हौशी लोक इंग्लंडात बरेच होते, आणि ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचे त्यांचे नियतकालिक तर १८९८पासून निघत होते. त्यांच्या खिशाला परवडेल असा हा लेथ. सेंटरची उंची साडेतीन इंच, दोन सेंटरांमधले अंतर वीस इंच. प्रयोगशाळेच्या वर्कशॉपला एवढा पुरे. आपल्याकडे हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर १९४१पासून लेथ बनवत होतेच, पण ते कारखान्याच्या अंगाचे. (किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे त्याचे वाङ्मयीन मासिक झाले, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. लोखंड आणि मराठी गद्य यांचा शेजार जुना आहे.)

वर्कशॉपमध्ये आमचे मिस्त्री असत. चौथीपर्यंत शिकलेले, अंगात खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. मोडलेले उपकरण मी त्यांच्याकडे शिपायाकरवी पाठवत असे आणि ते दुरुस्त होऊन परत येत असे. त्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षांत दहा वेळाही गेलो नसेन. लेथ घरी आला तेव्हा मिस्त्री जाऊन बराच काळ लोटला होता.

पहिले काम खोलण्याचे. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो, प्रत्येक स्क्रू वेगळ्या डबीत. रॉकेलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवल्यावर गंज आणि वाळलेले तेल सुटू लागले. हेडस्टॉकच्या कपाळावर हिरव्या रंगाच्या तीन थरांमध्ये लाल डाग निघाले. आधी मला तो गंज वाटला, पण ते कुंकू होते. दर खंडेनवमीला लावलेले आणि रंग देताना न पुसता तसेच झाकलेले. बाकीचा रंग मी पूर्ण उतरवला, तेवढी जागा ठेवली.

हेडस्टॉकच्या बेअरिंगांत गोळ्या नसतात. कथिलप्रधान, मऊ पांढऱ्या धातूच्या दोन अर्धगोल वाट्यांमध्ये स्पिंडल फिरतो. अशा मिश्रधातूला बॅबिट म्हणतात. अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिटने तो १८३९मध्ये शोधला. त्यातली युक्ती अशी की झीज स्पिंडलची होऊ नये, वाटीची व्हावी, कारण वाटी बदलता येते. वरच्या झाकणाखाली पातळ पापुद्र्यांचे शिम असतात. वाटी झिजली की कांद्यासारखा एकेक पापुद्रा सोलायचा, म्हणजे झाकण तेवढे खाली येते आणि खेळ जातो. दोन्ही झाकणांवर थेंब-थेंब तेल सोडणारे काचेचे पेले असतात. मिस्त्रींच्या नंतर कोणीतरी त्यात ग्रीस कोंबले होते. ग्रीस खाली उतरत नाही, बेअरिंग कोरडे पडते. उजवीकडची वाटी ओरखडलेली निघाली. स्पिंडल मात्र शाबूत होता. शोधकाची युक्ती त्याच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांनी माझ्या पडवीत कामी आली. वाटीला निळा रंग लावून, स्पिंडल फिरवून, जिथे डाग उमटेल तेवढेच खरवडायचे, असे मी महिनाभर केले. पहिल्या आठवड्यात जास्त खरवडले, त्याची भरपाई पापुद्रे सोलून करावी लागली.

बेडची गोष्ट अधिक अवघड. लेथवर बहुतेक काम चकच्या जवळ होते, त्यामुळे बेड तिथेच झिजतो आणि टेलस्टॉककडे जवळपास नवा राहतो. सॅडल डावीकडे नीट बसवली तर उजवीकडे अडकते, उजवीकडे नीट बसवली तर डावीकडे डुगडुगते. माझ्या डायल गेजवर हा फरक तीन थाऊ आला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सुताराच्या सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, असे सव्वाशे थाऊ बसतात. बेड ग्राइंडिंगला द्यावा, असे ज्याने त्याने सुचवले. पण बेड घासला की सॅडल तेवढी खाली उतरते आणि मग लांब स्क्रू, त्यावर आवळणारी अर्धी नट, सगळ्यांची उंची चुकते. शिवाय, खरे सांगायचे तर, मिस्त्रींची सगळी नोकरी ज्या झिजेत साठली होती ती अर्ध्या तासात पुसून टाकायला हात धजेना.

इंग्लंडातल्या हौशी लोकांनी यावर एक जुनी तोड काढली आहे. एमएल-७ची सॅडल पुढच्या पट्टीच्या दोन उभ्या बाजू धरून सरळ राहते. मागच्या पट्टीची पाठीमागची उभी बाजू मात्र कशालाच टेकत नाही. सॅडलच्या आत एक पातळ पोलादी पट्टी बसवली की ती त्या बाजूला टेकते आणि मार्गदर्शनाचे काम तिच्याकडे जाते. बेडला कानसही लागत नाही. बीस्टन सोडल्यापासून कोणी न वापरलेली ती बाजू मी रॉकेलने पुसली, तेव्हा यंत्राच्या जुन्या खुणा तिच्यावर लख्ख दिसत होत्या. पट्टी बसली, डुगडुग थांबली. वरच्या पृष्ठभागाची झीज राहिली, पण गोलाईच्या मापावर तिचा परिणाम थोडा. हत्यार किंचित खाली गेले तर व्यास फारसा बदलत नाही, आडवे सरकले तर दुपटीने बदलतो.

नंतरचे रंग, पट्टा, अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर हे भराभर झाले. लेथ ओट्यावर बोल्टांनी आवळला की बेड पिळवटतो, म्हणून एका सळईच्या दोन टोकांना सारखी कात घेऊन व्यास मोजायचे आणि ते जुळेपर्यंत एका पायाखाली पत्र्याचे तुकडे सारायचे. यात चार दिवस गेले.

आता चाके. स्पिंडलचा एक फेरा झाला की लांब स्क्रू किती फिरावा हे दातेरी चाकांच्या जोड्या ठरवतात आणि त्यावरून आटे किती जवळ पडतील ते ठरते. मायफर्डची चाके वीसपासून पंच्याहत्तरपर्यंत पाचाच्या पाढ्यातली. एक अडतीसचे, ते इंचात एकोणीस आट्यांच्या पाइपासाठी. लिलावातल्या डब्यात याशिवाय एक पितळी चाक होते. घरी कातलेले, कडा हाताने मोडलेल्या, दाते एकवीस. पाचाच्या पाढ्यात न बसणारे हे चाक दुसऱ्या कुठल्या यंत्राचे असावे, असे समजून मी ते भंगाराच्या डब्यात टाकले. पितळेला भाव चांगला मिळतो.

दरम्यान महाविद्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने एक जुना इंग्लिश स्पेक्ट्रोमीटर माझ्याकडे पाठवला. तीन पायांच्या लेव्हलिंग स्क्रूंपैकी एक हरवला होता. व्यास ६ मि.मी., पिच १ मि.मी.; म्हणजे शून्य नंबरचा बी.ए. आटा. ब्रिटिश असोसिएशनने १८८४मध्ये उपकरणांसाठी आट्यांची जी मालिका सुचवली ती स्विस पद्धतीवर बेतलेली. इंचांच्या देशात बारीक स्क्रू मिलिमीटरचे, ही गंमत तेव्हापासूनची. आपल्याकडे मापांचा कायदा १९५६चा. त्यानंतरही प्रयोगशाळांना दोन्ही मापांत नांदावे लागले.

माझ्या लेथचा लांब स्क्रू इंचाचा, इंचाला आठ आटे. एका फेऱ्यात सॅडल ३.१७५ मि.मी. सरकते. १ मि.मी. हवे असेल तर चाकांचे गुणोत्तर ४०/१२७ लागते. १२७ ही मूळ संख्या, तिचे तुकडे पडत नाहीत. म्हणजे १२७ दात्यांचे मोठे चाक हवे, आणि ते माझ्याकडे नव्हते. मी वही घेऊन बसलो. दोन दिवस जोड्या मांडल्या. चुका हजारात दोन-तीन येत होत्या.

तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला. डबा उपडा करताना ते पितळी चाक पालथे पडले. मागच्या बाजूला पंचाने ठोकलेले, देवनागरीत, तीन आकडे होते: ३०, ४०, ५०.

मी ते चाक काढून घेतले आणि ओट्यावरच हिशेब मांडला. ३० भागिले ५०, गुणिले २१ भागिले ४०. उत्तर ६३/२००. आता ६३ला १२७ने गुणले तर ८००१ येतात, आणि ४०ला २००ने गुणले तर ८०००. चूक आठ हजारांत एक. वीस मिलिमीटर लांबीच्या स्क्रूवर ती अडीच मायक्रॉन भरते. केसाच्या जाडीचा विसावा भागही नाही.

ही युक्ती जगाला नवी नाही, हौशी इंग्रजांना ती माहीत होती. पण आमच्या ग्रंथालयात ‘मॉडेल इंजिनिअर’ येत नव्हते, आणि मिस्त्रींना इंग्रजी वाचता येत नव्हते. मी स्पेक्ट्रोमीटर उलटा केला. शाबूत असलेल्या दोन स्क्रूंपैकी एकाच्या डोक्यावरची खाचरेघ दुसऱ्याहून किंचित रुंद होती. त्याच स्क्रूने मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना मेज समपातळीत आणायला शिकवले होते, आणि सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांवर व्याख्याने दिली होती.

भंगारवाल्याला मी बाकीचे सगळे देऊन टाकले. लेथवर २१चे चाक चढवले. इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडताना अर्धी नट मध्येच सोडायची नसते, सोडली तर आटा चुकतो; आणि मोटर उलटी फिरवली तर या लेथचा चक स्वतःच सुटून येण्याची भीती. म्हणून स्पिंडलच्या मागे हाताचा दांडा बसवला. साडेसत्तेचाळीस अंशांचे हत्यार, दर वेळी दोन-तीन थाऊ कात, पुढे फिरवायचे, हत्यार मागे घ्यायचे, उलटे फिरवायचे. एका स्क्रूला दुपार गेली.

संध्याकाळी तो स्पेक्ट्रोमीटरच्या पायात घातला. पहिल्या दोन आट्यांना थोडा घट्ट वाटला, मग बोटाने फिरू लागला. खाचरेघ मी रुंदच ठेवली होती.