राणीची वाव : जलदेवतेचे पाषाणमंदिर

शंभर रुपयांची जांभळट नोट आपल्या हातून रोज जाते. २०१८ मध्ये चलनात आलेल्या या नोटेच्या मागील बाजूस गुजरातमधील पाटण येथील ‘राणी की वाव’ चित्रित केलेली आहे. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या स्मरणार्थ राणी उदयमतीने ती अकराव्या शतकात बांधविली, असे मानले जाते. सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद व २७ मीटर खोल अशा या वास्तूत पाचशेहून अधिक प्रमुख शिल्पे आहेत.

मंदिराचे शिखर आकाशाकडे जाते. ही वास्तू भूगर्भात उतरते. पूर्वेकडून पायऱ्या उतरू लागताच दोन्ही भिंतींवर प्रलयजलातून पृथ्वीला उचलणारा वराह, नरसिंह, वामन, अश्वारूढ कल्की, महिषासुरमर्दिनी आणि पंचाग्नींमध्ये तप करणारी पार्वती यांचे दर्शन घडते.

विष्णूच्या अनेक मूर्ती प्रथमदर्शनी सारख्याच भासतात. भेद आहे तो आयुधांच्या क्रमात. शंख, चक्र, गदा व पद्म चार हातांत चोवीस प्रकारे धारण करता येतात. प्रत्येक क्रमाला स्वतंत्र नाम आहे. संध्येत उच्चारली जाणारी केशव, नारायण, माधव आदी चोवीस नावे ती हीच. खालच्या उजव्या हातापासून क्रम पाहत गेल्यास मूर्ती आपले नाव स्वतःच सांगते.

पश्चिमेस, विहिरीच्या भिंतीवर, शेषशायी विष्णू पहुडलेला आहे. ‘नार’ म्हणजे जल आणि ‘अयन’ म्हणजे निवासस्थान. जलात वसणारा तो नारायण. त्याची मूर्ती पाण्याच्या सान्निध्यात कोरून शिल्पकाराने या नामाचा अर्थच साकार केला आहे. तहानलेल्यास पाणी देणे हे आपल्या परंपरेत पुण्यकर्म. इथे ते पूजेचेच रूप घेते.

पुढे सरस्वती नदीच्या पुरांनी ही वाव गाळाने भरली. पाणी गेले, परंतु त्याच गाळाने शिल्पांचे ऊनपावसापासून रक्षण केले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने विसाव्या शतकात ती पुन्हा प्रकाशात आणली आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला.

आपापल्या गावांतील कित्येक बारवा व विहिरी मात्र आजही कचऱ्याने बुजत आहेत. त्यांतील एखादी जरी स्वच्छ राखली, तरी उदयमतीचा वारसा आपण खऱ्या अर्थाने जपला असे होईल.