सदोष वाहन आणि सजग श्रावक

व्यापारी कुटुंबात मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पेढीची वसुली, मुलांच्या शाळा, चातुर्मासात मुनिसंघाचे दर्शन, कुंथलगिरीची वा कुंभोज-बाहुबलीची यात्रा, सारे तिच्याच भरवशावर चालते. वाहन घेताना आपण व्यापाऱ्याच्या स्वभावाप्रमाणे किंमत, मायलेज, कर्जाचा व्याजदर आणि पुनर्विक्रीचे मूल्य यांचा बारकाईने हिशेब करतो. परंतु या वाहनात निर्मितीचाच काही दोष आहे काय, कंपनीने ते दुरुस्तीसाठी परत बोलावले आहे काय, ही चौकशी फार थोडी कुटुंबे करतात.

एखाद्या मॉडेलच्या ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग वा इंधनवाहिनीत सुरक्षिततेला बाधक असा दोष आढळला की उत्पादक ती वाहने परत बोलावतो व दोष विनामूल्य दूर करतो. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. वॉरंटी संपली असली तरी या दुरुस्तीचे पैसे ग्राहकाने द्यायचे नसतात. ‘आपली गाडी तर व्यवस्थित चालते’ असे म्हणून अशी सूचना बाजूला ठेवणे मात्र धोक्याचे आहे, कारण असे दोष बहुधा अपघाताच्या क्षणापर्यंत दिसतच नाहीत.

दोष लपविल्याचे परिणाम काय होतात, हे अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रकरणाने जगाला दाखविले. या कंपनीच्या काही मोटारींचे इग्निशन स्विच इतके सैल होते की किल्लीच्या जुडग्याचे ओझे वा रस्त्यातील धक्का यानेही ते फिरत. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे, आणि मग अपघातात एअरबॅगही उघडत नसत. कंपनीतील काहींना ही गोष्ट अनेक वर्षे ठाऊक होती. पुढे तो भाग बदलण्यात आला, पण त्याचा क्रमांक जुनाच ठेवल्याने बदल कोणाच्या ध्यानात आला नाही. वाहने परत बोलावली गेली ती 2014 मध्ये. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने या दोषामुळे झालेले 124 मृत्यू मान्य केले. दोष होता एका स्वस्त, लहानशा सुट्या भागात.

आपल्या देशात 2012 पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छा-रिकॉलची संहिता स्वीकारली. परंतु स्वेच्छेला कायद्याचे बळ मिळाले ते मोटार वाहन अधिनियमातील 2019 च्या दुरुस्तीने. तिने आणलेले कलम 110अ दि. 1 एप्रिल 2021 पासून अमलात आले. वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना वा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला वाहने परत घेण्याचा आदेश देऊ शकते. अशा वेळी उत्पादकाने दुरुस्ती करावी, तत्सम वा अधिक चांगले वाहन द्यावे किंवा किंमत परत करावी, अशी तरतूद आहे. नियमांनुसार दंड 10 लाखांपासून 1 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. वाहनाचे वय मात्र सात वर्षांच्या आत असावे लागते. ठरावीक संख्येने वाहनधारकांनी तक्रार नोंदविली की चौकशीचे चक्र फिरू लागते. म्हणून शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदविलेली आपली एक तक्रार अनोळखी कुटुंबांचेही रक्षण करू शकते.

व्यक्तिगत नुकसानीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा दुसरा मार्ग आहे. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी त्यात उत्पादकावर स्पष्टपणे टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिलेला ह्युंदाई क्रेटाचा निर्णय या दृष्टीने मननीय आहे. 2017 मधील अपघातात एअरबॅग उघडल्या नाहीत व वाहनमालक जखमी झाला. टक्कर पुरेशा जोराची नव्हती, हा बचाव टिकला नाही. वेग आणि आघात यांचे भौतिकशास्त्रीय गणित सामान्य ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, अशा आशयाचे मत न्यायालयाने व्यक्त केले आणि भरपाईचा व वाहन बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. तथापि प्रत्येक बिघाडाला नवी गाडी मिळते असे मात्र नाही. दोषयुक्त भाग बदलून काम भागत असेल तर संपूर्ण वाहन बदलून मागता येत नाही, असे त्याच न्यायालयाने 2006 मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात म्हटले होते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची गाडी पेढीच्या वा कंपनीच्या नावावर असते. ‘व्यापारी हेतूने’ घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायद्याचे संरक्षण नाही, हे कारण पुढे करून अशा तक्रारी रोखल्या जात. जुलै 2024 मध्ये डेमलर क्रायस्लरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने आपल्या संचालकांच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारी केवळ त्या कारणाने व्यापारी हेतूच्या ठरत नाहीत, असे मानले. मालवाहू टेम्पोचे गणित वेगळे आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच तो घेतला असेल तर ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. एरव्ही वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या आधारे दिवाणी न्यायालयात जावे लागते. रिकॉलचा लाभ मात्र व्यावसायिक वाहनांनाही मिळतो.

व्यवहारात काही गोष्टी आवर्जून कराव्यात. आर.सी. पुस्तकावरील चासीस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल आहे का ते पाहावे. जुनी गाडी घेतली असल्यास ती स्वतःच्या नावावर करून घ्यावी व कंपनीकडे पत्ता नोंदवावा, अन्यथा सूचना पहिल्या मालकाच्या घरी जाते. प्रत्येक जॉबकार्ड जपून ठेवावे आणि आपली तक्रार त्यावर आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. तोंडी आश्वासनावर न थांबता ई-मेल वा नोंदणीकृत डाकेने कळवावे. अपघात झाल्यास तज्ज्ञ तपासणीपूर्वी गाडी दुरुस्तीला देऊ नये. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, आणि तेही आपण राहतो त्या ठिकाणी, दाद मागता येते. तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची आहे. टोलवाटोलवीत ती निघून जाऊ देऊ नये.

या विषयाची एक बाजू विक्रेत्याचीही आहे. आपल्या समाजात वाहनांची एजन्सी, टायर वा सुटे भाग यांचा व्यापार करणारे अनेक आहेत. उत्पादकाची धोक्याची सूचना ग्राहकापर्यंत न पोहोचविणारा विक्रेताही नव्या कायद्याने उत्तरदायी ठरतो. आपल्या आचार्यांनी हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे मूळ प्रमादात दाखविले आहे, आणि अस्सल म्हणून नकली माल देणे हा अचौर्य व्रताचा अतिचार मानला आहे. बनावट ब्रेक-लायनर मूळ कंपनीचे म्हणून विकणाऱ्याच्या हातून दोन्ही व्रते एकाच वेळी ढळतात. चालताना पायाखालचा जीव जपण्याची ईर्यासमिती मुनिराज पाळतात. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणाऱ्या श्रावकाने आपल्या वाहनाचा ब्रेक निर्दोष ठेवणे, हे त्याच सावधानतेचे गृहस्थाश्रमातील पालन होय.